आज नको, उद्या दुपारनंतर या

जुलैतल्या एका शनिवारी साठी उलटलेल्या एका गृहस्थांनी मला ट्रेलच्या, म्हणजे डोंगरातल्या सायकलच्या पायवाटेच्या, तोंडाशी थांबवलं. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता. सकाळी लख्ख ऊन होतं आणि मी अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या गनिसनहून, जिथे मी राहते, पंचेचाळीस किलोमीटर गाडी चालवत क्रेस्टेड ब्यूटला आले होते. कॅरिअरवरून सायकल उतरवली, हेल्मेट चढवलं, पाण्याची पिशवी पाठीला लावली. ते काका आपली सायकल परत गाडीवर बांधत होते. माझ्याकडे बघून हसले, खाली वाकले आणि वाटेवरच्या मातीत बोट दाबलं. बोट पेरभर आत गेलं.

"आज नको," ते म्हणाले. "उद्या दुपारनंतर या. आज चाक फिरलं तर खूण पुढच्या बर्फापर्यंत राहील. चालवायचीच असेल तर खाली हार्टमनला जा, तिथली माती पाणी धरत नाही."

हार्टमन रॉक्स माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तिथे विरलेल्या ग्रॅनाइटची वाळू आहे, पाऊस पडून तासाभरात चालवण्याजोगी होते. म्हणजे मी ती जागा मागे टाकून इतक्या लांब आले होते.

कुंपण नव्हतं, कुणी दंडाची पावती फाडणारं नव्हतं. मी चालवली असती तर ते काही आडवे पडले नसते. तरी मी सायकल परत गाडीवर चढवली. चढवताना मात्र राग आला होता, आणि तो दोन-तीन दिवस गेला नाही.

आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे समजावं कसं? पाऊस पडला की आपण डोंगराकडे धावतो. जूनची पहिली सर आली की जुन्नरच्या घरात आम्हा भावंडांना एकच वेध लागायचे: नाणेघाट. धुकं, खालून वर उडणारं पाणी, भिजलेले कपडे, परतताना ढोपरापर्यंत चिखल. चिखल हा तर पुरावा, की तुम्ही जाऊन आलात. कोरड्या मे महिन्यात कोण डोंगर चढतं? आणि इथे हा माणूस मला सांगतो की ओली माती दिसली की घरी जायचं.

गंमत म्हणजे इथले लोकही याला 'मान्सून'च म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दोनच्या सुमारास ढग भरून येतात, विजा कडाडतात, अर्धा-पाऊण तास झोडपून पाऊस निघून जातो. आपल्या चार महिन्यांच्या मुक्कामाच्या पाहुण्यापुढे हा दारातून डोकावून जाणारा. पण त्याच्या विजा खऱ्या आहेत. क्रेस्टेड ब्यूट गावच ८,९०० फुटांवर. आपलं कळसूबाईचं टोक ५,४०० फूट, म्हणजे इथल्या शाळेत जाणारी मुलं रोज कळसूबाईच्या कितीतरी वर असतात. ट्रेल त्याहून उंच जातात. त्यातला ४०१ क्रमांकाचा, सगळ्यात नावाजलेला, १०,७०० फुटांच्या स्कोफील्ड खिंडीतून सुरू होऊन आणखी चढतो. तिथे झाडं संपतात आणि उघड्या माळावर तुम्हीच सगळ्यात उंच असता. म्हणून सकाळी लवकर चढायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं. हा नियम मला पहिल्याच दिवशी पटला. चिखलाचा पटायला वेळ लागला.

रागाच्या भरात मी मनातल्या मनात त्या काकांशी बरीच भांडले. म्हटलं, तुमच्या ह्या वाटा कालच्या. १९७६ साली इथले काही लोक एका गिअरच्या जुन्या जड सायकली घेऊन १२,७०० फुटांची पर्ल खिंड ओलांडून ॲस्पेनला गेले, तेव्हापासून हे गाव माउंटन बाइकिंगचं माहेर मानलं जातं. (सायकलच हं. आपल्याकडे बाइक म्हटलं की पेट्रोल लागतं.) म्हणजे झाली फार तर पन्नास वर्षं. आमचा नाणेघाट सातवाहनांच्या काळातला, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कातळ फोडून केलेली वाट, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, प्यायच्या पाण्याची टाकी. इतके बैल गेले, इतका पाऊस कोसळला, वाट आहे तशी आहे. आम्हाला डोंगरातली वाट कुणी शिकवायची?

हे भांडण मी जिंकलंही असतं, पण पुढच्या आठवड्यात, कोरड्या दिवशी, मी त्याच ट्रेलवर गेले. साधारण मैलभर आत, उतारावर, चाकाची एक खूण होती. बोटभर खोल, लांबच लांब, विटेसारखी कडक झालेली. त्या ओल्या शनिवारी माझ्यासारखंच कुणीतरी आलं होतं आणि त्याला थांबवायला कुणी भेटलं नव्हतं. माझं पुढचं चाक त्या खाचेत गेलं आणि बाहेर निघेना. हँडल वळवलं की सायकल आडवी होऊ पाहायची. वीसेक मीटर मी त्या अनोळखी माणसाच्या चाकावरून, तो नेईल तिथे गेले. शेवटी उतरून सायकल उचलून बाजूला घेतली.

इथल्या खोऱ्यात मँकोस शेल नावाचा राखाडी, मातकट दगड आहे. कोरडा असला तर टणक, भिजला की लोण्यासारखा, टायरला आणि ब्रेकला चिकटून चाकच अडकवणारा. त्यात पडलेली खाच नुसती खाच राहत नाही. पुढचा पाऊस आला की पाणी तीच खाच धरतं. पाण्याला सरळ उतरायला आयती नळी मिळते, मग ते माती ओढून नेतं, नळीची घळ होते. लोक घळ चुकवायला शेजारून जातात, तिथलं गवत मरतं, एका फुटाच्या वाटेच्या तीन वाटा होतात. म्हणून इथे डबकं आलं तर त्याला वळसा घालायचा नाही, मधूनच जायचं. आणि मऊ माती लागली तर मागे फिरायचं.

हे मला कळलं ते श्रमदानात. इथे सायकलवाल्यांची संघटना १९८३ पासून आहे. उन्हाळ्यात तिच्यातले लोक कामावरून सुटले की संध्याकाळी वाटा दुरुस्त करायला जातात. कुणीही यावं. मी गेले ते निम्मं कुतूहल म्हणून आणि निम्मं त्या काकांना दाखवायला. ते होतेच. माझ्या हातात त्यांनी पुलास्की दिली: एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे कुदळ, वनखात्यातल्या एड पुलास्की नावाच्या रेंजरच्या नावावरून ओळखलं जाणारं हत्यार. दुसऱ्या एकाकडे मॅक्लाउड होतं, एकीकडे रुंद पातं आणि दुसरीकडे दाताळं. वाटेची खालची कड थोडी उतरती करायची, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता वाट ओलांडून गवतात जातं. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही, नाहीतर पाणी वाट ओलांडण्याऐवजी तीच धरून पळतं. मध्येमध्ये उतारावर एखादी छोटी चढण मुद्दाम ठेवायची, तिथे पाणी थबकतं आणि बाहेर पडतं.

पाणी वाटेबाहेर काढायचा पहिला चर मी काढला तेव्हा काका थांबून बघायला लागले. तोंड किती रुंद ठेवायचं, काढलेली माती कुठल्या अंगाला टाकायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे इथे कुणी सांगितलं नव्हतं. जुन्नरच्या पश्चिमेला मामांची भाताची खाचरं आहेत. लहानपणी आषाढात मी त्यांच्या मागे बांधावरून फिरायचे. ते पायानेच चिखल सारून पाण्याला वाट द्यायचे आणि म्हणायचे, "पाण्याला अडवायचं नसतं गं, वळवायचं असतं." मी काकांना मामांचं सांगितलं. त्यांनी भाताच्या खाचराबद्दल इतके प्रश्न विचारले की अंधार पडला.

त्या रात्री घरी येऊन जुने फोटो काढले. राजमाचीचे, हरिश्चंद्रगडाचे. दर वर्षीच्या पावसातले. कातळावरची वाट तशीच आहे, तिथे माझं म्हणणं मी सोडत नाही. आपल्याकडे नाळेतली, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतली, वाट सरळ वर चढते कारण तिच्याखाली बसाल्ट आहे; चढ निम्म्याहून जास्त नको हा नियम इथल्या मातीचा, आपल्या दगडाला लागू नाही. पण कातळ सगळीकडे नसतो. पठारावर, कारवीत, जिथे लाल माती आहे तिथे वाट फोटोगणिक रुंद होत गेलेली दिसते. एका फोटोत मीच आहे, चिखल चुकवायला गवतातून चाललेली, हसत. आपल्याकडे गडांवर टाकी साफ करणारी, पडकी पायरी बसवणारी मुलं आहेत, माझ्या वर्गातलीही आहेत. मी त्यांच्याबरोबर कधी गेले नाही. पुण्यात नोकरी होती, रविवार एकच होता, आणि त्या रविवारी मला डोंगर हवा होता, कुदळ नको होती. इथे दिवस मोठा आहे, साडेआठपर्यंत उजेड असतो, ऑफिस दहा मिनिटांवर. वेळ इथे मिळाला म्हणून हात इथे लागला. बहीण फोनवर म्हणाली, "परक्यांच्या डोंगरावर खणतेस होय?" मला उत्तर सुचलं नाही. पण पाणी सगळीकडे सारखंच वाहतं.

इथलं सगळंच पटलंय असं नाही. ॲस्पेनच्या बाजूचा मोठा रानभाग १९६४ च्या कायद्याखाली राखीव आहे, तिथे सायकल ढकलत न्यायलाही बंदी, घोडा मात्र चालतो. घोड्याच्या खुराने माती उखडत नाही का? हार्टमनचा दक्षिणेकडचा भाग वसंत ऋतूत बंद असतो, गनिसन सेज ग्राउज पक्ष्याच्या नाचाच्या दिवसांत. ते मात्र पटलं. नान्नजचा माळढोक कसा विरळ होत गेला हे ऐकून असलेल्या कुणालाही पटेल.

काल दुपारी पुन्हा धो धो पाऊस झाला. संध्याकाळी मी सायकल न घेताच गेले. आमचे चर ट्रेलच्या सुरुवातीलाच आहेत, शेजारच्या खडीच्या रस्त्यावरून दिसतात. पहिल्या चरातून पाणी गवतात गेलं होतं, खाली गाळाचा छोटा पंखा पसरला होता. दुसऱ्यातूनही. तिसऱ्याचं तोंड मी अरुंद ठेवलं होतं, तो बुजला होता आणि पाणी वाटेवरून हातभर पुढे गेलं होतं. काकांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: गुरुवारी, सहा वाजता, पुलास्की मी आणतो.