तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलीच गाडी येझदी घेऊ का?

पेट्रोल पंपावर, सिग्नलला, कधी दारात गाडी पुसत असताना हा प्रश्न येतो. परवा तुम्ही इचलकरंजीहून फोन करून तोच विचारलात. लायसन्स येऊन तीन महिने झालेत, हात बसलाय तो बिनगिअरच्या स्कूटरवर, आणि १९८९ची एक येझदी रोडकिंग मोटरसायकल मनात भरली आहे. पहिली गाडी म्हणून घेऊ का? फोनवर मी "घ्या, पण..." म्हणालो आणि रेंज गेली. तो 'पण' इथे लिहितो.

घ्याच. मात्र पहिली नको, दुसरी घ्या.

जुनी गाडी बंद पडते म्हणून मी हे सांगत नाही. बंद पडलेली गाडी ढकलता येते, प्लग काढून पुसता येतो, आणि येझदीवाला दिसला की रस्त्यावरचा कुणीतरी थांबतोच. माझं कारण वेगळं आहे. शिकणाऱ्याला चूक आपल्या हाताची की गाडीची, हे ओळखता येत नाही.

२०११ मध्ये मी १९९२ची रोडकिंग घेतली, तेव्हा क्लच सोडायचा माझा सराव म्हणजे मित्राच्या गाडीवर मैदानात मारलेल्या चार फेऱ्या. गाडी तापली की कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला तिची रेस आपोआप चढायची. मागून हॉर्न, आजूबाजूचे माझ्याकडे बघताहेत, आणि मला पक्कं वाटायचं की नकळत माझाच उजवा हात पिळला जातोय. दोन महिने मी मनगट खाली ठेवायचा सराव केला. शेवटी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडी नुसती ऐकली आणि म्हणाले, "क्रँकचं सील गेलंय बघा. हवा ओढतंय इंजिन." माझ्या हातात काही दोष नव्हताच.

आणि उलटंही झालं. पहिल्या गिअरला गाडी हिसका देऊन निघायची, म्हणून मी हट्टाने क्लच प्लेटा बदलून घेतल्या. हिसका तसाच राहिला. तो माझ्या डाव्या हाताचा होता. येझदीत गिअरचा दांडा पायाने दाबला की क्लच आपसूक दाबला जातो, अशी तिची रचना आहे. मुरलेल्याला त्याचं सुख आहे, पण शिकणाऱ्याचा डावा हात त्यामुळे शिकतच नाही.

म्हणून आधी एखादी जुनी, चालू स्थितीतली शंभर सीसीची स्प्लेंडर घ्या आणि एक पावसाळा धरून सहा-आठ महिने ती चालवा. नीट वापरलीत तर विकताना फार पैसे जाणार नाहीत. तिच्यावर हिसका बसला तर तो तुमचा, हे डोळे झाकून समजायचं.

घाटाचं वेगळं सांगायला हवं. उतारावर खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरायचं, असं आपल्याला सगळे शिकवतात, आणि फोर-स्ट्रोक गाडीला ते बरोबरच आहे. येझदी टू-स्ट्रोक आहे. तिच्या पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. लिटरला तीस-चाळीस मिली आपण टाकीत मिसळतो तेच. ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र उताराच्या वेगाने फिरत राहतं. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना माझी गाडी अशीच सीज झाली, म्हणजे पिस्टन आतच अडकला. मागचं चाक जागीच धरलं गेलं आणि गाडी आडवी सरकत कडेच्या चरात गेली. त्या क्षणी क्लच दाबला असता तर चाक मोकळं झालं असतं. ते मला ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. गुडघ्यावर ती खूण अजून आहे. आता मी लांब उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देतो आणि ब्रेकवर भरवसा ठेवतो.

तो भरवसाही बेताचाच. पुढे-मागे ड्रम ब्रेक. २०१९च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जागीच धरू न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. तशा गाडीमागून जाताना ती थांबेल तिथे आपण थांबणार नाही, हे गृहीत धरून अंतर ठेवायचं. (बुलेट घेऊ का, असंही तुम्ही विचारलंत. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. ओळखीची गाडी चालवणारा पाय घाईत चुकीच्या बाजूला जातो, त्यामुळे ती तर अजून पुढची गोष्ट.)

आता कागद. माझ्या गाडीचा विक्रेता तिसऱ्या हातचा होता आणि आरसीवरचे मालक वारलेले. त्याने टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज) सही आणून देतो म्हणून सांगितलं. वारलेल्या माणसाची सही कोण देणार? वारसांना शोधून, त्यांच्या हातापाया पडून गाडी नावावर व्हायला मला अकरा महिने लागले. आरसीवर नाव असलेला माणूस समोर असेल तरच पुढे बोला. चासी आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. अक्षरं घासलेली किंवा वाकडी पंच केलेली दिसली तर गाडी कितीही चकचकीत असो, परत फिरा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ते कुठवर झालंय ते बघा. 'व्हिंटेज आहे, पासिंग लागत नाही' हे कुणाचं ऐकू नका. २०२१च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी, आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही.

खरं तर गाडीच्याही आधी मिस्त्री शोधा. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. २०२२ पासून येझदी नावाने ज्या गाड्या येतात त्या फोर-स्ट्रोक, त्यांच्या इंजिनाचा माल आपल्या कामाचा नाही. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात, बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात एखादी अस्सल वस्तू हाती लागते, पण ती बसवणारा हात जवळ हवा. तुमच्या गावापासून तासाभरात असा माणूस नसेल तर गाडी दारात उभी राहून गंजेल, आणि मला ते बघवत नाही.

एवढं सगळं सांगूनही 'घ्याच' का म्हणतो? तो गिअरचा दांडा आत ढकलून वर फिरवला की त्याचीच किक होते. पहिल्यांदा तसं करून गाडी सुरू झाली, दोन्ही सायलेन्सरांतून धूर आला, आणि माझे वडील घरातून बाहेर येऊन नुसते उभे राहिले. त्यांच्या मोठ्या भावाकडे जावा, म्हणजे येझदीचीच आधीची गाडी, होती. ते काही बोलले नाहीत, मागे बसले. आम्ही रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो.

तुम्ही पाहिलेली रोडकिंग स्प्लेंडरवर तुमचा हात बसेपर्यंत थांबवून ठेवायला मालक तयार असतील तर या रविवारी सकाळी मी मिस्त्रींना घेऊन येतो. टाकीत टॉर्च मारून गंज बघू, मागचं चाक आणि ते धरणारा चिमटा हलवून बुश झिजलेत का बघू. इंजिनाला हात लावल्यावर ते गार लागलं पाहिजे, कारण तापवून ठेवलेली गाडी कुणाचीही एका किकमध्ये सुरू होते. तेव्हा मालकांना एवढा निरोप द्या, आम्ही पोचेपर्यंत किक मारू नका.