सरकारी नोकरांना युनियन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एरवी हा प्रश्न आला की मी हसून वेळ मारून नेतो, कारण विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. प्रश्न साधारण असा असतो : 'कारखान्यातल्या कामगाराचं समजू शकतो, तिथे मालक पिळतो. तुम्हाला नोकरीची हमी, ठरलेला पगार, रजा. मग युनियन कशाला? आणि सरकारने ती करू तरी का द्यावी?' नोकरीत असताना मी बरीच वर्षं कर्मचारी संघटनेचा पदाधिकारी होतो, तेव्हा मी तटस्थ आहे असं काही समजू नका.

माझं म्हणणं : संघटना करायची मुभा सगळ्यांना हवी, सरकारी असो, खासगी असो. संप ही वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

युनियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर घोषणा आणि गेटवरची सभा येते. आमचं बहुतेक काम कागदावर चालायचं. एका सहकाऱ्याची वेतननिश्चिती चुकली होती; सेवापुस्तकात एका वेतनवाढीची नोंदच नव्हती. त्याने अर्ज केला, मग स्मरणपत्र दिलं. आस्थापना शाखा म्हणायची, लेखा शाखेने त्रुटी काढली आहे. लेखा शाखा म्हणायची, आस्थापनेकडून खुलासा आलेला नाही. ज्या साहेबांकडे तक्रार करायची, तेच त्याचा गोपनीय अहवाल लिहिणार. त्यामुळे आवाज चढवायची सोय नव्हती. आम्ही तो विषय कार्यालयप्रमुखांबरोबरच्या बैठकीत घेतला. त्याचं नाव न घालता, 'वेतननिश्चितीची प्रलंबित प्रकरणे' एवढंच विषयपत्रिकेवर लिहिलं. तेव्हा कळलं की तशी प्रकरणं आणखीही बऱ्याच जणांची पडून होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच नशीब फुटकं. इतिवृत्तात वाक्य आलं : 'महिनाअखेर निपटारा करावा.' पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या इतिवृत्ताच्या अनुपालनाने होते, त्यामुळे कुणाला तरी उभं राहून उत्तर द्यावं लागणार होतं. कामं झाली. एकही घोषणा द्यावी लागली नाही.

सरकार हा मालक खासगी मालकापेक्षा सभ्य असतो असं घटकाभर धरू. तरी एक अडचण उरतेच : ज्याच्याशी वाद, तोच नियम लिहितो. १९६० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. त्या काळात सेवानियम असा होता, की ज्या संघटनेला सरकारने मान्यता नाकारली किंवा दिलेली काढून घेतली, तिचं सभासद राहायचं नाही. म्हणजे तुमच्या बाजूने कोण बोलणार हे समोरचा पक्ष ठरवणार! सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हा नियम घटनाबाह्य ठरवला. संघटना करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या १९व्या कलमात आहे आणि सरकारी नोकरीत शिरताना ते कुणी दारात काढून ठेवत नाही. तरीही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे संघटनास्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटींचे १९४८ व १९४९ चे करार, म्हणजे ८७ आणि ९८ क्रमांकाचे, भारताने अजून स्वीकारलेले नाहीत. सरकारी कर्मचाऱ्यांवरची बंधनं सैल करावी लागतील, हेच त्याचं मुख्य कारण सांगितलं जातं. अमेरिकेनेही ते दोन्ही स्वीकारलेले नाहीत.

विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं मांडलं ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी. खासगी कामगारांना युनियनचा हक्क देणाऱ्या १९३५ च्या कायद्यावर सही करणारे हेच. १९३७ मध्ये एका सरकारी कर्मचारी संघटनेला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं की सामूहिक वाटाघाटींची नेहमीची रीत सरकारी सेवेत जशीच्या तशी आणता येणार नाही, कारण इथे मालक म्हणजे सगळी जनता आणि ती कायदेमंडळामार्फत बोलते. हे मला निम्मं पटतं. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याच्या खिशातून पैसा जात नाही, करदाता बैठकीला नसतो, आणि निवडणूक जवळ आली की दोघं मिळून तिसऱ्याच्या खात्यावर उदार होऊ शकतात. पण यावरून एवढंच ठरतं की शेवटचा शब्द कायदेमंडळाचा असावा. बोलणीच नकोत, असं नाही. आपल्याकडे केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६ साली आलेली संयुक्त सल्लागार यंत्रणा हेच करते : पगार-भत्ते, कामाचे तास आणि रजा यांवर एकमत झालं नाही तर लवाद, आणि लवादाच्या निवाड्यावर संसद. कागदावर तरी व्यवस्था चांगली आहे.

आता संप. 'जनतेला वेठीस धरता' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणणाऱ्याचा सूरसुद्धा ओळखू येतो. तामिळनाडूत २००३ च्या जुलैमध्ये संपावर गेलेल्या दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना सरकारने एका फटक्यात बडतर्फ केलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुतेकांना माफीनामा घेऊन परत घ्यायला लावलं, पण त्याच निकालात सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिकही अधिकार नाही असं म्हटलं. 'नैतिक' हा शब्द मला आजही खटकतो. कायद्याचं न्यायालयाने जरूर सांगावं.

त्याआधी १९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि रुजू न झालेल्या अकरा हजारांवर लोकांना काढलं. त्यांच्या युनियनची मान्यताही गेली. संपकऱ्यांचं चुकलंच, कायद्याने संपाला बंदी होती आणि त्यांनी ताकदीचा अंदाज साफ चुकवला. पण पुढचं फारसं कुणी सांगत नाही. त्यांच्या जागी जे नवे आले, त्यांनी १९८७ पर्यंत आपली नवी युनियन उभी केली. माणसं बदलली, खुर्च्या आणि पाळ्या त्याच होत्या.

जिथे काम थांबलं की जीव जातो, तिथे संप नको, असं मी आमच्या लोकांसमोरही म्हणत आलो आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. मात्र संप काढून घेतलात तर ठरावीक मुदतीत निवाडा देणारा लवाद द्या. दोन्ही नाकारायचं आणि वर शिस्तीची अपेक्षा करायची, हे जमत नाही. लष्कर आणि पोलीस यांचा प्रश्न निराळा; ८७ क्रमांकाच्या करारानेही तो त्या त्या देशावर सोडला आहे.

'युनियन कामचुकारांना पाठीशी घालते' हा आरोप मात्र मी उडवून लावणार नाही. विभागीय चौकशीत मी काही जणांचा बचाव सहाय्यक होतो. त्यातले सगळेच निर्दोष नव्हते, हे मला माहीत होतं. दोषारोपपत्र नीट द्या, साक्षीदारांची उलटतपासणी होऊ द्या, एवढंच मी मागायचो. शिक्षा झाली तर झाली. पण दांडीबहाद्दराची बदली थांबवायला शिष्टमंडळ घेऊन जाणारे पदाधिकारी मी पाहिलेत. आमच्याविषयी लोकांच्या मनात जी चीड आहे, तिचा बराचसा वाटा त्यांनी कमावलेला आहे.

आणि त्याहून मोठी गोष्ट. आमच्याच शेजारच्या खुर्चीवर कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर बसायचे. काम आमच्याइतकंच, पगार एजन्सी देईल तेव्हा. आम्हाला युनियन कशाला, असं विचारणाऱ्यांनी खरं तर त्यांना युनियन का नाही, हे विचारायला हवं होतं. आमच्या संघटनेच्या घटनेत सभासदत्व फक्त नियमित कर्मचाऱ्यांना होतं. दुरुस्तीचा ठराव मी मांडला. तो वार्षिक सभेत दरवेळी 'पुढील सभेत विचारार्थ' म्हणून ढकलला गेला. तो ढकलणारं सरकार नव्हतं, आमचेच सभासद होते.