एक पाय वरच

"त्याना एक पाय वरच राही गया रे भो..."

धुळ्याकडे येताना हायवेच्या टपरीवर चहा घेत होतो, शेजारचे बाबा डोळ्यांवर हात धरून वर बघत असं म्हणाले तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. दोन इंजिनांचं छोटं विमान, पुढचं आणि उजवं चाक बाहेर, डावं आतच!

मग ते घिरट्याच घालत बसलं. चहा गार, कापसाचा ट्रॅक्टरवाला पण इंजिन बंद करून उभा. बाबा मधेच ओरडले, "सोडी दे रे पोऱ्या, सोडी दे!" जसं काही बैलाचं दावं अडकलंय.

सातव्या की आठव्या फेरीला चाक लटकन खाली आलं. बाबांनी हातातली बिडी आत्ता पेटवली.

रात्री भाच्याला फोन केला, पायलटचं शिकतोय तो. म्हणे मामा, प्रत्येक चाकाचा एक हिरवा दिवा असतो, तिन्ही लागले तरच चाकं नीट लॉक झाली समजायचं. सेनेकासारख्या दोन इंजिनांच्या छोट्या विमानात हायड्रॉलिक म्हणजे तेलाचं प्रेशरच चाकं वर धरून ठेवतं, बिघडलं तर एक नॉब ओढून प्रेशर सोडून द्यायचं, चाकं स्वतःच्या वजनानं खाली पडतात.

सोडून द्यायचं??

बाबांना कसं काय माहीत हो?