वद्य द्वितीयेची ओहोटी

काल क्षितिज दिसलं नाही. फाल्गुन वद्य द्वितीया, सकाळचे सव्वासात, ओहोटी पुरी झालेली, वाळूची पुळण लांबवर उघडी पडलेली, आणि समोर समुद्र कुठे संपतो नि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळेना. आम्ही दर महिन्याला पुळणीचा उतार मोजतो आणि त्याला क्षितिजाची रेघ लागते, म्हणून अर्धा तास थांबलो. तोवर पाणी परतायला लागलं. शेवटी वहीत तारीख, तिथी, वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं : क्षितिज धूसर, मोजणी नाही.

पुतणीला ती ओळ पटली नाही. "काकू, मागच्या महिन्यासारखंच असणार गं. अंदाजाने लिहू या ना." मी नाही म्हटलं. ती रुसली नाही, पण घरी येईपर्यंत गप्प होती. तिला जे वाटेत सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते आहे.

दापोली तालुक्यातल्या आमच्या अंजर्ल्याला जोग नदी समुद्राला मिळते. पलीकडे पाडले आणि हर्णै, डाव्या हाताला पाण्यात सुवर्णदुर्ग, मागे डोंगरावर कड्यावरचा गणपती. येणारे लोक पुलावरून फोटो काढतात आणि म्हणतात, काय शांत खाडी आहे! शांत आहे खरी, पण तिचं तोंड एका जागी कधीच नसतं. वाळूचा दांडा कधी पुढे सरकतो, कधी तुटतो. वादळाची सूचना आली की हर्णै बंदरातल्या होड्या आसऱ्याला ह्याच खाडीत शिरतात. तोंडाशी वाळू साचलेली असली तर भरतीची वाट बघत बाहेर उभं राहावं लागतं. त्या वेळी बाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरचं माणूस होडीवर असतं त्यालाच विचारावं.

माझ्या घरचं कुणी होडीवर नाही. आमची खाडीच्या काठाला वाडी आहे, नारळ-पोफळीची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारच्या काही तासांत सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी आडव्या झाल्या. कौलं गेली, वीज गेली, ते सगळं सगळ्यांचंच गेलं. मला जास्त लागलं ते पुढच्या उन्हाळ्यात. वैशाखात विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. चहा नासला नाही, पण चव बदलली. नवीन लावलेल्या रोपांची पानं कडेने करपली. मी ठामपणे सगळ्यांना सांगत होते की खाडी आत शिरली, समुद्र वाढला, वादळाने तोंड मोठं केलं. किती शिरली, कधीपासून, कुठपर्यंत, ह्यातलं एकही मला सांगता येत नव्हतं.

तिथून हे सुरू झालं. पुतणी दापोलीला कॉलेजात शिकत होती. तिच्या दोन मैत्रिणी, मी, आणि ज्यांनी चाळीस वर्षं होडी चालवली ते आमच्या आळीतले तांडेलकाका. आमच्या मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. महिन्यातून एकदा वद्य द्वितीयेला जमायचं, एवढाच नियम.

द्वितीयाच का, हे काकांनी ठरवलं. आपल्याकडे जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला, पुढे रोज पाऊण तास उशिरा. द्वितीयेला दीड वाजता. त्याच्या सव्वासहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वासात. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण उजेड असतो आणि ऊन तापलेलं नसतं. शिवाय मोठं उधाण ऐन पौर्णिमेला नसतं, एक-दोन दिवसांनी असतं, त्यामुळे पाणी सगळ्यात खाली जातं ते ह्याच दिवशी. अष्टमीला, भांगाच्या म्हणजे कमी चढउताराच्या पाण्यात गेलात तर निम्मी पुळण पाण्याखालीच राहील, आणि मग कुणीतरी म्हणेल किनारा खचला! तीच तिथी, तीच ओहोटी, तीच जागा. ह्यातलं एक हललं की तुलना गेली.

मोजायची पद्धत के. ओ. एमरी नावाच्या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडली. ती कळली तेव्हा मला फार आनंद झाला, कारण तिला लागतात दोन काठ्या, एक दोरी आणि क्षितिज. दोन्ही काठ्या सारख्या उंचीच्या, वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या. मध्ये ठरावीक लांबीची दोरी. आमच्या काठ्या वाडीतल्याच बांबूच्या आहेत, दीड मीटरच्या, आणि दोरी दोन मीटरची. एकाने जमिनीकडची काठी धरायची, दुसऱ्याने दोरी ताणून समुद्राकडची. उतार असला की पुढची काठी खाली जाते. मागच्याने एक डोळा मिटून पुढच्या काठीचं टोक क्षितिजाला भिडवायचं, आणि ती रेषा आपल्या काठीला कुठे छेदते ते वरून मोजून वाचायचं. बारा आलं तर दोन मीटरमध्ये बारा सेंटिमीटर उतार. मग मागची काठी पुढच्याच्या जागी, आणि पुन्हा. पुळणीत चढ लागला की उलट, मागच्या काठीचं टोक धरून पुढच्या काठीवर वाचायचं. असं करत पाण्यापर्यंत. आमच्या रेषेच्या एका टोकाला सुवर्णदुर्गाचा तट मध्ये येतो, म्हणून तिथे थोडं उजवीकडे वळून बघावं लागतं.

काठी सरळ धरणं हे खरं काम. ओल्या वाळूत ती आपोआप रुतते, आणि रुतली की आकडा खोटा. काका अजून मला ओरडतात, "वहिनी, दाबू नका, नुसती टेकवा!" त्यांना लिहिता येतं थोडंच, पण काठी कललेली त्यांना दहा हातांवरून दिसते.

पहिल्या वर्षी आमच्याकडून मोठी चूक झाली. रेषा जिथून सुरू होते ती खूण म्हणून आम्ही एक सुरूचं झाड धरलं होतं. बुंध्याला लाल रंगाचा पट्टा मारला होता. श्रावणातल्या उधाणात झाडाखालची वाळू गेली, मुळं उघडी पडली आणि पुढच्या पंधरवड्यात झाड पडलं. झाडाबरोबर आमचे सगळे जुने आकडे गेले, कारण ते आता कशापासून मोजायचे? मैत्रिणींपैकी एक म्हणाली, झाड साधारण इथेच होतं ना. साधारण म्हणजे किती? एक हात इकडे, एक हात तिकडे. आणि आम्ही जे शोधत होतो तो बदलही एखाद्या हाताचाच होता. त्या दिवशी मला रडू आलं. सात महिन्यांची वही हातात होती आणि ती कशालाच जोडता येत नव्हती. मग एका जुन्या जांभ्याच्या गडग्याचा कोपरा धरला, पुळणीपासून चांगला मागे, आणि नव्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली.

म्हणून मी अंदाजाने लिहू देत नाही.

नव्या वहीला आता तीन पावसाळे झालेत. त्यांतून पहिली गोष्ट कळली ती अशी : पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात थोड्या अंतरावर नेऊन ठेवतात, आणि दिवाळीनंतर लाटा नरम झाल्या की तीच वाळू हळूहळू परत येते. भाद्रपदात बघाल तर वाटतं, किनारा संपला. माघात त्याच जागी पाय रुततात. दरवर्षी पावसाळ्यात कुणी ना कुणी उघड्या पडलेल्या मुळांचा फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, समुद्राने गिळलं. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. आमच्या रेषेवर बरीचशी वाळू परत येते. तोंडाच्या बाजूचा शेवटचा तुकडा मात्र तिन्ही वर्षं पूर्ण भरला नाही. तीन वर्षांवरून मी ह्याहून जास्त बोलणार नाही.

काठ्या झाल्या की पाणी. खारेपणा बघायला एक छोटी दुर्बिणीसारखी नळी आहे, रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथला आकडा वाचायचा. समुद्राचं पाणी हजाराला पस्तीसच्या आसपास. पावसाळ्यात एकदा मी पुलाखालचं पाणी घेतलं तर आकडा जवळजवळ शून्य. मला वाटलं यंत्र बिघडलं. काका म्हणाले, "वरचं घेतलंत. खालचं घ्या." मग त्यांनीच एक बाटली तयार केली. बुडाला दगड बांधला, तोंडाला बूच, बुचाला वेगळी सुतळी. बाटली तळाशी सोडायची आणि मग सुतळीला हिसका द्यायचा. बुडबुडे वर आले की बाटली भरली. वर ओढली, थेंब टाकला, तर खालचं पाणी चांगलंच खारं. वरून गोडं पाणी समुद्राकडे चाललंय आणि त्याच्या खालून खारं आत येतंय, एकाच वेळी, एकाच खाडीत. काकांना हे माहीत होतं. कुठल्या दिवसांत कुठलं जाळं किती खोल सोडायचं, ते त्यांनी आयुष्यभर ह्याच्यावरच ठरवलं. मला ते आकड्यात बघावं लागलं.

गढूळपणा बघायला स्टीलचं ताट आहे, चार भाग करून दोन काळे, दोन पांढरे रंगवलेले. दोरीने सोडायचं आणि दिसेनासं झालं की दोरी मोजायची. हे मैत्रिणींचं काम. मुळे, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला येणाऱ्या बायका आमच्यापेक्षा आधी चिखलात असतात. कुठे मिळाले, कुठे नुसती रिकामी कवचं, हे त्या जाता जाता सांगतात आणि आम्ही तेही लिहितो. काठावरच्या पांढऱ्या चिपीची नवी रोपं मोजतो. २०२० मध्ये चिपी महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाली, पण आमच्याकडे अजून पुष्कळांना ती नुसती चिखलातली झुडपं वाटतात. भरती आली की तिची बोटाएवढी श्वसनमुळं एकेक करून पाण्याखाली जातात, ते बघत मी कितीही वेळ उभी राहू शकते.

आता विहीर. रिफ्रॅक्टोमीटरवर विहिरीचा फरक कळत नाही, तो तेवढा बारीक वाचत नाही. त्यासाठी पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर घेतलं. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं, असं भारतीय मानक आहे. आम्ही आळीतल्या सहा विहिरी धरल्या, काही खाडीलगत, काही वर रस्त्याकडे.

मला खात्री होती की खाडीलगतच्या सगळ्या सारख्या बिघडलेल्या निघतील. तसं झालं नाही. माझ्या विहिरीहून खाडीला जवळ असलेली एक विहीर वैशाखातही बरी होती. तिथे अजून रहाटाने पाणी काढतात. माझ्या विहिरीवर पंप आहे, आणि नवीन रोपं जगवायला मी तो वादळानंतर दिवसाला चार-चार तास चालवत होते. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. वरची पातळी उपशाने एक फूट उतरली की शास्त्राच्या हिशोबाने खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर चढू शकतं. मी खाडीला दोष देत होते, आणि बटण माझ्याच हातात होतं.

हे घरात सांगायला मला आठ दिवस लागले. आता पंप सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चालतो, झाडांच्या बुंध्याला गवताचं आच्छादन आहे. गेल्या वैशाखात आकडा थोडा खाली आला. यंदाचा अजून यायचाय. समुद्राचा हात त्यात अजिबात नाही असंही मी म्हणत नाही, तेवढ्यासाठीच तर पुळणीची वही चालू आहे.

काल आम्ही निघालो तेव्हा वरच्या बाजूला कासवांची पिल्लं सोडायला माणसं जमली होती. एका लहान मुलाने काकांना विचारलं, ह्या काठ्या कशाला? काकांनी त्याच्या हातात एक काठी दिली, दुसरी आपण धरली आणि म्हणाले, "समोर बघ. रेघ दिसते का?" मुलगा बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला. मग म्हणाला, "नाही दिसत." काका म्हणाले, "बरोबर. तेच लिहिलंय."

काठ्यांवरचे आकडे पुसट झालेत. काकांनी त्या रंगवायला घरी नेल्या आहेत, चैत्र वद्य द्वितीयेच्या आत वाळायला हव्यात.