कोपऱ्यावरच्या घराचं कंपाउंड: माझा अनुभव

आपल्याच जागेला कंपाउंड घालायला परवानगी कसली, असं आमच्याकडे सगळ्यांचंच मत होतं. गवंड्याचं होतं, दादाचं होतं, आणि आईने तर ‘तुझ्या आजोबांनी वई घातली तेव्हा कुणाला विचारलं होतं?’ म्हणून विषयच मिटवला. आजोबांनी खरंच कुणाला विचारलं नसणार. शेराच्या फांद्या खोवल्या, मध्ये करवंदीची काटेरी शिरडं टाकली की झाली वई, म्हणजे कुंपण. पण तेव्हा समोरून बैलगाड्या जायच्या आणि गाव ग्रामपंचायतीत होतं. आता दोन बाजूंनी डांबरी रस्ते आहेत, गाव नगरपरिषदेत आहे, आणि आईला वई नको, चिऱ्याची भिंत हवी आहे. वई दर पावसाआधी नव्याने बांधावी लागते आणि ती बांधणारी माणसं आता मिळत नाहीत, हे तिचं म्हणणं काही खोटं नाही.

ओळखीच्या इंजिनिअरने पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘परवानगीचं मी बघतो, तुम्ही आधी मोजणी आणा.’ पुढचा सगळा अनुभव पाहता त्याचं हे वाक्य सोन्यासारखं ठरलं. नगरपरिषदेची परवानगी म्हणजे भिंत कशी असावी एवढंच. ती कुठे असावी हे ठरतं भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीत, आणि भांडणं होतात ती कुठे यावरूनच.

मोजणीसाठी अर्ज करायचा तो ‘हद्द कायम’ मोजणीचा, म्हणजे जागेच्या सीमा पक्क्या करून घेण्याचा. बाबांनंतर सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं, त्यामुळे सह्याही तिघांच्या. दादा आखातात. त्याची सही येण्यातच बराच वेळ गेला. पूर्वी साधी, तातडीची, अतितातडीची असे प्रकार असायचे, आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच आहेत. द्रुतगतीची फी नियमितच्या चौपट. आम्ही नियमितच घेतली, कारण पावसात तसंही कुणी पाया खणणार नव्हतं.

मोजणीची नोटीस लगतच्या सगळ्या खातेदारांना जाते. ती पोस्टाने पोचण्याआधी मी शेजारच्या काकांकडे जाऊन सांगून आले. नोटीस हातात पडली की माणूस आधी वकील शोधतो. काकांनी तरीही विचारलंच, ‘मोजणी आणलीस म्हणजे आता आमच्याशी भांडणार की काय गो?’ म्हटलं, ‘काका, भांडायला लागू नये म्हणूनच आणतेय. तुम्ही उभे राहा म्हणजे झालं.’ ते उभे राहिले, इतकंच नव्हे तर भूकरमापकाला, म्हणजे मोजणी करायला आलेल्या सरकारी माणसाला, आधी चहा त्यांच्याकडेच झाला.

मोजणी आता रोव्हरने होते. काठीवर बसवलेलं ते यंत्र घेऊन माणूस कोपऱ्या-कोपऱ्यावर थांबतो, आणि जुन्या माणसांना वाटतं की याने काही मोजलंच नाही. पण निकाल निघाला तो असा: वई रस्त्याच्या टोकाला काकांच्या जागेत हातभर शिरली होती आणि मागच्या टोकाला आमच्या जागेत तेवढीच आत आली होती. दोन्ही घरांनी पन्नासेक वर्षं एकमेकांची थोडी थोडी जमीन वापरली आणि कुणाला पत्ता नाही. खुणा दाखवल्यावर जागेवरच जबाब घेतात, पंचनामा करतात. तिथे सही करण्यापूर्वी प्रत्येक खूण स्वतः चालत जाऊन बघावी, आणि चुना पुसला जायच्या आत तिथे दगड रोवावेत. कुणाला खुणा मान्य नसतील तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज करता येतो, तीही भूमी अभिलेखचेच वरचे अधिकारी करतात. आमच्यात तशी वेळ आली नाही. पुढे मोजणीच्या नकाशाची आमची प्रत, म्हणजे ‘क’ प्रत, मिळाली आणि इंजिनिअर कामाला लागला.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर 2020 पासून बांधकामाची एकच नियमावली लागू आहे. लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. तीत कंपाउंडच्या भिंतीची उंची दीड मीटर, म्हणजे जवळजवळ पाच फूट दिली आहे. त्याहून उंच, 2.4 मीटरपर्यंत जायचं तर वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा किंवा ग्रिलचा, उघडा हवा, आणि त्याचं डिझाइन मंजूर करून घ्यायला हवं. इथवर ठीक. खरी गंमत पुढे आहे. ही उंची मोजतात समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून. कोकणात सपाट जागा कुणाच्या नशिबी? आमचं अंगण रस्त्याच्या मध्यापेक्षा दोनेक फूट वर आहे. म्हणजे नियमाप्रमाणे पाच फुटांची भिंत बांधली की अंगणातून ती दिसणार तीन फूट. आई म्हणाली, ‘तीन फुटांवरून तर वासरूसुद्धा उडी मारेल.’ वानरांचा तर प्रश्नच नाही, त्यांना कुठलीच भिंत पुरत नाही. म्हणून वर तीन फुटांचं ग्रिल दाखवून नकाशा केला.

त्यातही आमचं घर कोपऱ्यावर. कोपऱ्यावरच्या प्लॉटला, दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर भरीव भिंत 0.75 मीटरच, म्हणजे अडीच फूटच चालते. वर आणखी तेवढंच, पण आरपार दिसणारं रेलिंग. वळणावर समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून हा नियम. आईला तो अजिबात पटला नाही, कारण तुळस आणि कपड्यांची दोरी दोन्ही त्याच कोपऱ्यात. मला मात्र हा नियम मनापासून पटला. त्या वळणावर शाळेतली पोरं सायकली कशा घालतात ते मी रोज बघते. शेवटी दोरी मागे गेली. तुळस हलवायचा विषय मी काढलाच नाही.

गेट आपल्याच हद्दीत, आतल्या बाजूला उघडायला हवं. आमची वाट गेटपासून लगेच चढते, त्यामुळे पाखं आत उघडतच नव्हती. सरकतं गेट घेतलं. खर्च वाढला.

परवानगीच्या अर्जाला सातबारा, ‘क’ प्रत, घरपट्टीची पावती आणि इंजिनिअरचा नकाशा जोडला. विकास आराखड्यात रस्ता किती रुंद दाखवला आहे तेही त्याने आधीच पाहून ठेवलं होतं. आज डांबर जिथे संपतं तिथे रस्त्याची हद्द संपते असं नाही, आणि भिंत रुंदीकरणाच्या रेषेच्या आतच हवी. ओव्हरसीअर जागा बघून गेले. त्यांनी एकच गोष्ट खोदून विचारली, ती म्हणजे वरच्या बाजूचं पावसाचं पाणी कुठून जाणार. भिंतीच्या तळाशी ठरावीक अंतरावर नळ्या दाखवल्या, तेव्हा ते निघाले. कोकणात नळ्या न ठेवता बांधलेली भिंत एखाद्या जुलैत आडवी होते, हे सांगायला ओव्हरसीअर लागत नाही.

परवानगी हातात आल्यावरही हद्दीचं प्रकरण संपत नाही. गवंडी दोरी लावतो ती भिंतीच्या मध्यावर, आणि पाया भिंतीपेक्षा दोन्हीकडे रुंद असतो. दोरी हद्दीवर लागली की निम्मी भिंत आणि पायाचा पसारा शेजाऱ्याच्या जमिनीत. आम्ही पायाची बाहेरची कड हद्दीच्या आत धरली. आमची सहा-सात इंच जागा बाहेर राहिली, पण पुढे त्या पायावरून कुणी कोर्टात जाणार नाही.

मागच्या बाजूला हद्दीला लागून फणस आहे. गवंडी म्हणाला, ‘तोडून टाका, सरळ भिंत येईल.’ नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती कदाचित मिळालीही असती, पण बरका असला तरी तो आजोबांच्या हातचा आहे. भिंत त्याला वळसा घालून आतून घेतली. बाहेर राहिलेली चिंचोळी पट्टी आमच्याच मालकीची आहे असं साध्या कागदावर लिहून काकांची आणि आमची सही घेतली. काकांना ते जरा लागलं. ‘एवढा विश्वास नाय?’ मी म्हटलं, ‘तुमच्यावर आहे हो काका. तुमच्या नातवांना मी अजून ओळखत नाही.’ हसले आणि सही केली.

गावाकडे चुलतभावाने शेताला तार मारली तेव्हा त्याला परवानगीचं कुणी विचारलं नाही. पण तारेत मागच्या शेताची वहिवाटीची वाट अडली, आणि मागच्यांनी सरळ तहसीलदारांकडे दावा लावला. मामलेदार म्हणजे तहसीलदारच; मामलेदार कोर्ट कायदा 1906 चा आहे, तरी शेतातल्या वाटांसाठी आजही तोच उपयोगी पडतो. वाट अडल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो, आणि त्यांनी तो वेळेत लावला होता. भावाला तार काढून तिथे फाटक बसवावं लागलं.

आमच्या भिंतीचं शेवटचं अडलं ते काकांच्या बाजूच्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरण्यावर. त्यांच्या अंगणात उभं राहिल्याशिवाय चिऱ्यांच्या दर्जा भरता येत नव्हत्या, आणि तिथे काकूंची अबोली. काकूंनी फुलं संपेपर्यंत थांबायला लावलं. गवंड्याने तोवर दुसरं काम धरलं, त्यामुळे त्या बाजूच्या दर्जा पावसानंतरच भरल्या गेल्या.