जायफळाची बेटे

डच वसाहतवादाचा इतिहास वाचताना माझे मन दरवेळी बांदा बेटांपाशी येऊन थांबते. आजच्या इंडोनेशियातील मालुकू प्रांतात असलेली ही बेटे इतकी लहान आहेत की नकाशावर ती शोधावी लागतात. पण सतराव्या शतकात जायफळ आणि जायपत्री जगाला केवळ येथूनच मिळत असे.

१६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला तह करण्याचा, किल्ले बांधण्याचा आणि युद्ध पुकारण्याचा अधिकार सरकारनेच दिला होता. बांदाचे लोक मात्र इंग्रज, जावानी, अरब अशा सर्वांशी व्यापार करू इच्छित होते, आणि तेवढाच त्यांचा अपराध होता. १६२१ मध्ये गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कून याने बेटे जिंकली, चाळीसहून अधिक प्रमुखांना ठार करवले आणि सुमारे पंधरा हजारांच्या लोकसंख्येपैकी बहुतेकांना मृत्यू, उपासमार, गुलामगिरी किंवा परागंदा होणे यांपैकी काहीतरी भोगावे लागले. रिकाम्या झालेल्या बागा डच मळेवाल्यांना वाटून तेथे गुलामांना राबवण्यात आले. याला केवळ ‘मसाल्यांचा व्यापार’ म्हणणे मला पटत नाही.

यांतील रन बेटावरचा हक्क इंग्रजांनी १६६७ च्या ब्रेडा तहात सोडला आणि त्यांनी डचांकडून घेतलेले मॅनहॅटन (आजच्या न्यूयॉर्कचा भाग) त्यांच्याकडेच राहिले. कूनच्या होर्न या जन्मगावी त्याचा १८९३ मध्ये उभारलेला पुतळा आजही आहे.