नव्या वापरकर्त्याला कीबोर्ड का मिळत नव्हता

बडोद्याच्या दांडिया बाजार भागात एका विश्वस्त संस्थेचे जुने ग्रंथालय आहे. मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील पुस्तकांची सूची तेथे संगणकावर चढवली जाते आणि हे काम पगारी कर्मचाऱ्यांपेक्षा आळीपाळीने येणारे विद्यार्थी व निवृत्त मंडळीच अधिक करतात. विंडोज १०चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार म्हणून संस्थेने विंडोज ११चे २४ नवे संगणक घेतले. कंत्राटदाराने एक संगणक मनासारखा सजवला, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, तयार केली आणि ती सर्व यंत्रांवर बसवली. काम सुरू होताच तक्रारी येऊ लागल्या. शहरातील लहान कार्यालयांचे संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे तिसरा पक्ष म्हणून मला बोलावण्यात आले.

ग्रंथपालबाईंनी पहिली तक्रार अगदी नेमक्या शब्दांत मांडली. "अहो, पासवर्ड टाकायच्या पडद्यावर मराठी आणि गुजराती कीबोर्ड दिसतो, आणि आत गेलं की नाहीसा होतो. असं कुठे असतं का?" दुसरी तक्रार विद्यार्थ्यांची होती. सूचीच्या प्रोग्रॅममधून फाइल जतन करताना परवानगी नाकारल्याचा संदेश येत असे. तिसरी सर्वांत गंभीर होती: बाईंनी आदल्या दिवशी डेस्कटॉपवर ठेवलेली दुर्मिळ पुस्तकांची टिपणे सकाळी जागेवर नव्हती.

कंत्राटदाराचा तंत्रज्ञ हजर होता. मुलगा कष्टाळू आणि सरळ होता. त्याने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून साइन-इन करून दाखवले तेव्हा तिन्ही कीबोर्ड, शॉर्टकट आणि जतन करण्याची जागा, सारे काही व्यवस्थित होते. इमेजविषयीचे बहुतेक वाद येथेच अडकतात, कारण ज्या खात्यात बसून मांडणी केली त्याच खात्यात ती तपासली जाते. खरी परीक्षा मात्र त्या यंत्रावर आजवर कधीही न आलेल्या वापरकर्त्याच्या पहिल्या साइन-इनची असते. मी त्याला एक कोरे खाते उघडायला सांगितले. त्या खात्यात शिरताच बाईंची पहिली तक्रार आणि विद्यार्थ्यांची दुसरी, दोन्ही आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

विंडोजमध्ये नवा माणूस प्रथम आत येतो तेव्हा त्याचे प्रोफाइल, म्हणजे त्याचा स्वतःचा फोल्डर आणि सेटिंग्ज, सी ड्राइव्हवरील युजर्स फोल्डरातल्या डिफॉल्ट नावाच्या लपवलेल्या फोल्डरावरून घडते. मोदकाच्या साच्यासारखाच हा प्रकार आहे. साच्यात जी कळी चुकली ती प्रत्येक मोदकावर चुकणार, आणि आधी उकडलेले मोदक नंतर साचा दुरुस्त केल्याने सुधारणार नाहीत. रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या भांडारातला, वापरकर्त्याचा भाग याच फोल्डरातील एनटीयूजर.डॅट या फाइलमध्ये असतो. साइन-इनच्या पडद्याची मांडणी मात्र येथून येत नाही. ती रजिस्ट्रीत एचकी युजर्सच्या खाली, आरंभी टिंब असलेल्या डिफॉल्ट या शाखेत असते, आणि ती शाखा खरे तर यंत्रणेच्या स्वतःच्या खात्याची आहे. नव्या वापरकर्त्यांशी तिचा काहीही संबंध नाही.

हे ध्यानात आल्यावर कीबोर्डचे कोडे लगेच सुटले. कंट्रोल पॅनेलमधील रीजन या खिडकीच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर सेटिंग्जची नक्कल करण्याचे बटण आहे आणि त्याखाली दोन स्वतंत्र चौकटी आहेत: एक स्वागताच्या पडद्यासाठी व यंत्रणेच्या खात्यांसाठी, दुसरी नव्या वापरकर्त्यांसाठी. तंत्रज्ञाने पहिल्या चौकटीत खूण केली होती, दुसरी तशीच रिकामी होती. त्यामुळे पासवर्डच्या पडद्यावर मराठी दिसे आणि आत गेल्यावर केवळ इंग्रजी उरे.

जतन होत नसलेल्या फाइलींचे मूळ अधिक खोल होते. कोऱ्या खात्यातून रजिस्ट्री उघडून मी एक्सप्लोररच्या शेल फोल्डर्स या शाखेत पाहिले आणि सूचीच्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नोंदीही पाहिल्या. डॉक्युमेंट्सचा मार्ग त्या वापरकर्त्याच्या फोल्डराकडे न जाता थेट ॲडमिनिस्ट्रेटरच्या फोल्डराकडे जात होता, आणि दुसऱ्याच्या फोल्डरात लिहू न देणे हे तर विंडोजचे कर्तव्यच आहे. याचा अर्थ एकच होता: कोणीतरी ॲडमिनिस्ट्रेटरचे संपूर्ण प्रोफाइल हाताने उचलून डिफॉल्टमध्ये ओतले होते. मी विचारल्यावर तंत्रज्ञाने तसे केल्याचे मोकळेपणाने सांगितले. विंडोज एक्सपीच्या काळात प्रोफाइलच्या खिडकीतील कॉपी टू या बटणाने हे काम सर्रास केले जाई आणि जुन्या तंत्रज्ञांकडून शिकलेल्या पिढीच्या हातात ती सवय अजून टिकून आहे. आता ते बटण डिफॉल्ट प्रोफाइल वगळता इतर सर्व प्रोफाइलांसाठी निष्क्रिय असते, आणि फोल्डर हाताने नकलला तर आत पक्के लिहिलेले मार्ग जुन्या मालकाच्या नावानेच राहतात.

परंतु त्याने हाताने नक्कल का केली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला. त्याचे उत्तर असे होते की योग्य मार्ग त्याने आधी अवलंबला होता आणि तो फसला होता. यंत्र खाते उघडण्याआधी मांडणी करू देणाऱ्या ऑडिट मोडमध्ये आणून, अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात मांडणी करून, सिसप्रेपला, म्हणजे इमेज घेण्याआधी यंत्र तयार करणाऱ्या विंडोजच्या साधनाला, दिलेल्या अन्सर फाइलमध्ये (उभारणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कॉपीप्रोफाइल हे सेटिंग त्याने चालू ठेवले होते. या सेटिंगमुळे विंडोज स्वतःच ॲडमिनिस्ट्रेटरचे प्रोफाइल नीट प्रक्रिया करून डिफॉल्टमध्ये उतरवते. त्याने ती फाइल मला दाखवली. तिच्यात शब्द, जागा आणि ६४ बिटी रचनेचा उल्लेख, सर्व काही बिनचूक होते. मग झाले काय?

अशा वेळी डेस्कटॉपकडे टक लावून बसण्यात अर्थ नसतो, लॉग, म्हणजे यंत्रणेने ठेवलेली कामाची नोंदवही, वाचावा लागतो. विंडोज फोल्डरातील पँथर, त्याच्या आत अनअटेंडजीसी, आणि तेथील सेटअपॲक्ट.लॉग. कॉपीप्रोफाइल पार पडले असेल तर शेल अनअटेंड या शब्दांनी सुरू होणारी यशाची ओळ तेथे सापडते. ती नव्हती. अपयशाचीही ओळ नव्हती, म्हणजे तसे करण्याची आज्ञा विंडोजला मिळालीच नव्हती. त्यानंतर त्याच लॉगांमध्ये स्पेशलाइज टप्प्यासाठी कोणती अन्सर फाइल वापरली गेली ती ओळ शोधली. ती पँथर फोल्डरातील फाइलकडे बोट दाखवत होती. ती उघडून पाहिली तर तंत्रज्ञाने दाखवलेली ती फाइल नव्हतीच. इमेज बसवण्यासाठी वापरलेल्या साधनाने प्रत्येक यंत्रावर आपली स्वतःची अन्सर फाइल तेथे ठेवली होती आणि तिच्यात कॉपीप्रोफाइलचा उल्लेखही नव्हता.

सिसप्रेप चालवताना यंत्राची स्वतःची ओळख पुसून ते सामान्य केले जाते. कॉपीप्रोफाइल मात्र त्या वेळी घडत नाही. ते स्पेशलाइज टप्प्यात, म्हणजे इमेज नव्या यंत्रावर उतरून ते प्रथम सुरू होते तेव्हा घडते, आणि त्या क्षणी पँथरमध्ये जी फाइल असेल तीच विंडोज वाचते. सिसप्रेपच्या वेळी दिलेली फाइल तेथे साठवली गेली असली तरी बसवणाऱ्या साधनाने तिच्यावर दुसरी ठेवली की पहिलीचे मोल शून्य. तंत्रज्ञाने जे लिहिले ते बरोबर होते, पण ते वाचणारा कोणी नव्हता. हे मी त्याला समजावले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण स्पष्टपणे उतरला.

बाईंच्या टिपणांचा उलगडा त्यानंतर झाला आणि तो ऐकायला कोणालाच आवडला नाही. पहिल्या तक्रारीनंतर प्रोफाइल नव्याने घडावे या हेतूने त्यांचा फोल्डर एक्सप्लोररमधून पुसण्यात आला होता. परंतु रजिस्ट्रीतील प्रोफाइललिस्ट या शाखेत त्यांच्या खात्याची नोंद तशीच राहिली. नोंद आहे आणि फोल्डर नाही, अशा स्थितीत विंडोज माणसाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये बसवते आणि साइन-आउट होताच त्यातील सारे पुसून टाकते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५११ क्रमांकाची नोंद नेमके हेच सांगत होती. सूचीतील नोंदी सर्व्हरवर असल्यामुळे सुरक्षित होत्या. टिपणे मात्र गेली ती गेली. बाईंनी शांतपणे कपाटातून वही काढली. त्यांनी सर्व मजकूर आधी हाताने लिहिला होता आणि मग टंकला होता. "संगणकावर माझा विश्वास नाही असं नाही," त्या म्हणाल्या, "पण वही पुसली जात नाही."

आता दुरुस्ती. सर्वांत सोपा उपाय म्हणजे बसवणाऱ्या साधनाच्या अन्सर फाइलमध्ये कॉपीप्रोफाइल घालणे, आणि तंत्रज्ञाचा आग्रहही तोच होता. मी तो मानला नाही. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात बसून दोन तास मांडणी केली की त्यात अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, ब्राउझरचा कचरा आणि अर्धवट सोडलेल्या प्रयोगांच्या खुणा साठतात आणि त्या सर्वांची नक्कल प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. शिवाय सगळीच सेटिंग्ज या मार्गाने पुढे जात नाहीत; काही पहिल्या साइन-इनच्या वेळी पुन्हा मूळ पदावर येतात. माझ्या मते डिफॉल्ट प्रोफाइल जितके सडपातळ तितके बरे. आम्ही कागदावर एकेक गरज लिहिली आणि प्रत्येकीसमोर तिची हक्काची जागा लिहिली.

सूचीच्या प्रोग्रॅमचा शॉर्टकट पब्लिक फोल्डराच्या डेस्कटॉपवर ठेवला की तो सर्वांना दिसतो. त्यासाठी प्रोफाइलची गरजच नाही. पीडीएफ कोणत्या प्रोग्रॅमने उघडावी हे रजिस्ट्रीत हाताने लिहून चालत नाही, कारण विंडोज ८पासून ती निवड त्या वापरकर्त्याच्या ओळखीशी बांधलेल्या हॅशने, म्हणजे गणिताने काढलेल्या ठशाने, राखलेली असते. म्हणून एका यंत्रावरून डिझम या विंडोजच्या साधनाच्या आज्ञेने फाइल-संबंधांची यादी काढून इमेजमध्ये आयात केली. कीबोर्डसाठी रीजनमधील दोन्ही चौकटींत खुणा केल्या आणि पहिल्या सुरुवातीच्या टप्प्यात ते बदलले जाऊ नयेत म्हणून अन्सर फाइलमध्येही मराठी व गुजरातीची तीच निवड लिहिली. राहिले ते फक्त फाइलींची शेपटी (एक्स्टेन्शन) दाखवणे आणि प्रोग्रॅमचा जतन करण्याचा मार्ग, जो आता सर्व्हरवरील सामाईक फोल्डराकडे वळवायचा होता. यासाठी डिफॉल्टमधील एनटीयूजर.डॅट रजिस्ट्रीत तात्पुरती जोडून तेवढेच बदल केले.

या जोडण्याविषयी एक सावधगिरी येथेच सांगतो. काम झाल्यावर ती फाइल रजिस्ट्रीतून सोडवलीच पाहिजे, अन्यथा ती कुलूपबंद राहते आणि नव्या माणसाला प्रोफाइल उघडता येत नसल्याचा संदेश मिळतो. रजिस्ट्री एडिटरमध्ये कर्सर त्या शाखेच्या आत असताना ती सोडवता येत नाही. आधी शाखेच्या मुळावर यावे लागते.

जुन्या डिफॉल्टवर डागडुजी करण्यात मला रस नव्हता, त्यामुळे मूळ विंडोजच्या फाइलपासून नवे आभासी यंत्र उभे केले. त्याला इंटरनेट जोडले नाही, कारण स्टोअर मधल्या वेळी एखादे ॲप एकाच खात्यापुरते अद्ययावत करते आणि मग सिसप्रेप त्यावरच अडून बसते. इमेज घेऊन वाचनालयातील एका यंत्रावर उतरवेपर्यंत सूरसागरच्या बाजूला दिवे लागले होते आणि कोणीतरी सेव-उसळ मागवली होती.

कोऱ्या खात्याने साइन-इन करण्याचा मान आम्ही ग्रंथालयातील शिपाईकाकांना दिला, कारण त्यांचे खाते नुकतेच उघडले होते आणि त्या यंत्रांना त्यांचा हात कधी लागला नव्हता. तिन्ही कीबोर्ड टास्कबारवर आले. काकांनी मराठीत स्वतःचे नाव टंकले, गुजरातीत पुन्हा टंकले आणि फाइल सामाईक फोल्डरात विनातक्रार जतन झाली. लॉगमध्ये या वेळी आमचीच अन्सर फाइल वाचली गेल्याची ओळ होती.

उरलेली यंत्रे दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने एकट्याने केली. सर्व डिस्क नव्याने लिहिल्या गेल्यामुळे बिघडलेली प्रोफाइले आपोआपच गेली. पुढे कधी एखादे प्रोफाइल काढायचे झाले तर ते सिस्टिमच्या युजर प्रोफाइल्स खिडकीतूनच काढावे, म्हणजे फोल्डर आणि रजिस्ट्रीतील नोंद दोन्ही एकदम जातात, हे त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवले. टास्कबारवरील चिन्हांचा क्रम अजूनही बाईंना हवा तसा नाही. त्यासाठी मांडणीची वेगळी फाइल लागते, आणि ते काम पुढच्या भेटीवर टाकले आहे.